पुडी आणि पिंप

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्याला कुरकुंभ जवळ आल्याचे आधी नाकाला कळते. गाडीच्या काचा वर असल्या तरी तो आंबूस, डोळ्यांना किंचित झोंबणारा वास आत येतोच, आणि मग पाइपांची जाळी, चिमण्या आणि पत्र्याच्या शेडी दिसू लागतात. फिरंगाई देवीचे ठाणे आणि रासायनिक उद्योगांची वसाहत एवढीच ज्या गावाची ओळख होती, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये अचानक देशभर गाजले. पुण्यात पकडलेल्या पावडरीचा माग काढत पोलीस इथल्या एका कारखान्यात पोचले आणि तिथे साडेसहाशे किलोंच्या आसपास मेफेड्रोन हे रासायनिक अमली द्रव्य, म्हणजे बोलीतले ‘एमडी’, हाती लागले. दिल्ली आणि सांगलीजवळचे कुपवाड इथला माल धरून हा आकडा पुढे १,७०० किलोंच्या वर गेला.

त्याआधीच्या आणि नंतरच्या बातम्या एकापुढे एक मांडल्या तर एक वेगळाच नकाशा तयार होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळचे शिंदे गाव, डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळचे ढेकू, मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातली इरळी, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळचे कार्वे. यांपैकी एकही गाव आंतरराष्ट्रीय सीमेवर नाही, एकाही गावाला बंदर नाही. अमली पदार्थांच्या व्यापाराचा भूगोल आपण शाळेपासून शिकलो तो इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या ‘सुवर्ण चंद्रकोरी’चा आणि म्यानमार-लाओस-थायलंडच्या ‘सुवर्ण त्रिकोणा’चा. त्या नकाशात महाराष्ट्र हा वाटेवरचा मुक्काम होता, आणि मुंबई ही गिऱ्हाइकांची पेठ. आता माल इथेच तयार होतो. ही गोष्ट पोलिसांना ठाऊक आहे आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. मात्र आपले कायदे, आपली आकडेवारी आणि विधिमंडळातली आपली चर्चा अजून जुन्याच नकाशावर चालली आहे, असे माझे म्हणणे आहे. आपण पुडीच्या मागे धावतो आहोत आणि कच्च्या मालाच्या पिंपाकडे कोणी पाहत नाही.

मुंबईने १९८० च्या दशकात गर्द पाहिला. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत रुजला तो तेव्हा, आणि पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले तेही त्याच लाटेच्या तडाख्यामुळे. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हे अखेर शेतातून येणारे पीक होते. अफू पेरावी लागते, बोंडांना चिरे द्यावे लागतात, चीक गोळा करावा लागतो, आणि हा सारा पसारा उपग्रहाला दिसतो, पावसावर अवलंबून असतो, राज्यकर्त्याच्या मर्जीवरही. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातली आणि २०२३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत अफगाणिस्तानातले अफूखालचे क्षेत्र सुमारे ९५ टक्क्यांनी घटलेले आढळले. एमडीवर अशी बंदी चालत नाही, कारण त्याला शेत लागत नाही. रसायने तापवून मिसळण्याचा एक रिअॅक्टर, सुकवायला ड्रायर, विजेची जोडणी, पाणी, रसायनशास्त्र जाणणारा एखादा माणूस आणि निळ्या पिंपांतून येणारा कच्चा माल एवढ्यावर भागते. ब्रिटनने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली, आपण ५ फेब्रुवारी २०१५ रोजी त्याला अमली पदार्थविषयक कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, कक्षेत आणले. तोवर ‘म्याऊ म्याऊ’ या लाडिक नावाने मुंबईतल्या कॉलेजांच्या आवारात ते पोचलेही होते.

आपल्याकडच्या कारखान्यांतून नशेचा माल बाहेर पडणे मात्र नवे नाही. दक्षिण आफ्रिकेत नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या मँड्रॅक्सच्या गोळ्यांचा भारताशी जुना संबंध आहे, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, उदयपुरात मँड्रॅक्सचा २३ टनांहून मोठा साठा पकडला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून १८ टनांहून अधिक इफेड्रिन, म्हणजे नशेचे पदार्थ बनवायला वापरले जाणारे रसायन, जप्त केले. टनांचे हे आकडे पाहिले की एक गोष्ट उघड होते. इतका माल कोणी पाठीवर पिशवी टाकून नेत नाही. तो वजनकाट्यावर चढतो, त्याची पावती फाटते, तो टेम्पोत भरला जातो, आणि गेटवरचा वॉचमन त्या टेम्पोचा नंबर वहीत लिहितो. म्हणजे कुठे ना कुठे कागद असतो.

पण आपली यंत्रणा मोजते काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात एनडीपीएसखाली महाराष्ट्रात १३,८३० गुन्हे नोंदवलेले आहेत. केरळपाठोपाठ देशात दुसरा क्रमांक, आणि ज्याच्या नावावर सिनेमे निघाले त्या पंजाबच्याही पुढे. आकडा मोठा आहे, पण त्यातला फार मोठा भाग सेवनाच्या गुन्ह्यांचा आहे. रेल्वेच्या पुलाखाली चिलीम ओढणारा, पार्टीतून बाहेर पडताना खिशात अर्धा ग्रॅम सापडलेला, असे हे आरोपी. त्यांना बहुधा दंड होतो, फार तर वर्षभरापर्यंतची शिक्षा होऊ शकते, आणि पोलीस ठाण्याच्या मासिक गोषवाऱ्यात एक ‘केस’ वाढते. केरळच्या किंवा महाराष्ट्राच्या आकड्यांवरून तिथे नशा किती आहे हे कळत नाही, पोलिसांनी झडत्या किती घेतल्या एवढे मात्र कळते.

दुसरे मोजमाप कोटींचे. इथे थोडा हिशेब मांडण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात ७०१ किलो एमडी पकडले, किंमत १,४०३ कोटी. त्याच तपासात अंकलेश्वरच्या कारखान्यात ५१३ किलो सापडले, किंमत १,०२६ कोटी. दोन्हीकडे भाव एकच, किलोला दोन कोटी, म्हणजे ग्रॅमला २०,००० रुपये. सप्टेंबर २०२३ अखेरीस पुण्यात ससून रुग्णालयाबाहेर पावणेदोन किलो सापडले त्याची किंमत सव्वादोन कोटींच्या आत लावली गेली, म्हणजे ग्रॅमला सुमारे १२,००० रुपये. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीजवळ पकडलेल्या पुड्यांत जेमतेम ४५ ग्रॅम माल होता, किंमत अडीच लाख. म्हणजे भाव एकदम साडेपाच हजारांवर. शुद्धतेचा आणि ठोक-किरकोळीचा फरक सोडला तरी एक विनोद उरतोच. गावोगावच्या किरकोळ विक्रीचा दर गोदामातल्या ठोक दराच्या पावपट कसा? कांद्याच्या व्यापाऱ्यालाही असा उलटा धंदा परवडायचा नाही. ‘आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत’ हे शब्द पंचनाम्यातून थेट मथळ्यात जातात आणि मूळ प्रश्न, हा माल तयार करायला किती खर्च आला आणि तो खर्च कोणी केला, विचारायचा राहून जातो. तयार करणाऱ्याला तो इतका स्वस्त पडतो की पकडलेला साठा त्याला धंद्यातली घट म्हणून सोसता येतो.

तुळजापूरच्या प्रकरणाने लोक हादरले ते वेगळ्या कारणाने. देवीच्या गावातली, पुजारी घराण्यांतली तरुण मुले आरोपींच्या यादीत आली आणि तालुक्याच्या गावांत एमडी कुठवर झिरपले आहे ते दिसले. पण कायद्याच्या नजरेने पाहा. एमडीचे ‘व्यापारी प्रमाण’, म्हणजे सर्वांत कडक शिक्षा लागू होणारे वजन, ५० ग्रॅमच्या पुढे सुरू होते. निव्वळ वजनाकडे पाहिले तर ४५ ग्रॅम त्या रेषेच्या आत राहतात, आणि पुडी विकणारे हे गणित पाठ करून असतात. जो पुड्या नेतो तो रेषेच्या आत राहतो, ज्याच्याकडे पिंप आहे तो त्या गावात फिरकतही नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आणले. सभागृहात बाके वाजली, आणि ‘आता यांना जामीन नाही’ असे ऐकून सामान्य माणसालाही बरे वाटले. त्या समाधानाची मी टिंगल करणार नाही, ज्याच्या घरातला मुलगा या पावडरीपायी रात्र रात्र जागतो, आईच्या बांगड्या विकतो, त्याला एवढाच आधार वाटत असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण वस्तुस्थिती अशी की व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन अवघड करणारे कलम ३७ एनडीपीएसमध्ये आधीपासून आहे, दहा ते वीस वर्षांची शिक्षा आधीपासून आहे, आणि आरोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदतही याच कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये आहे. मग मकोकाने नवे काय दिले? मुख्यतः एकच गोष्ट, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणे. तोफानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये अमली पदार्थ तपासातल्या अधिकाऱ्यांपुढचे असे कबुलीजबाब ग्राह्य धरायला नकार दिला होता, ती वाट या दुरुस्तीने वळसा घालून पुन्हा उघडली. मला भीती वाटते ती इथे. कबुलीजबाब हाताशी असला की कागद शोधण्याचे कष्ट घ्यायला कोण जाईल?

आणि एनडीपीएसचे खटले जिथे ढासळतात ती जागा शिक्षेची नसतेच. झडतीची माहिती वरिष्ठांना लेखी कळवली नाही, नमुने कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढले नाहीत, दोन्ही पंच एकाच चहाच्या टपरीवरचे आणि दहा खटल्यांतले ‘नेहमीचे’ निघाले, मुद्देमालाच्या सीलवरचा ठसा जुळला नाही, रासायनिक तपासणीचा अहवाल, म्हणजे सी.ए. रिपोर्ट, यायला दीड वर्ष गेले, अशा कारणांनी ते ढासळतात. २०१५ चे एक प्रकरण आठवून पाहा. मुंबईतल्या एका पोलीस कर्मचाऱ्याच्या सातारा जिल्ह्यातल्या घरातून शंभर किलोंहून अधिक पावडर एमडी म्हणून जप्त झाली, महाराष्ट्रभर खळबळ उडाली, आणि पुढे प्रयोगशाळेच्या तपासणीत ते अजिनोमोटो असल्याचे समोर आले. ती पावडर मुळात तीच होती की वाटेत बदलली, हा वाद वेगळा. पण प्रयोगशाळेचा एक कागद संपूर्ण खटल्याची कशी राखरांगोळी करतो हे त्यातून दिसते. त्या वर्षी मकोका लावला असता तरी अजिनोमोटोचे मेफेड्रोन झाले नसते.

आता पिंपाकडे येतो. रासायनिक वसाहतीजवळ राहणाऱ्या कोणालाही ते निळे, दोनशे लिटरचे पिंप ओळखीचे आहे. रिकामे झाले की भंगारवाल्याकडे जाते, तिथून चाळीत येते, धुऊन त्यात पाणी साठवतात, उन्हाळ्यात टँकर आला की त्यांच्याच रांगा लागतात. त्या पिंपाच्या अंगावर अर्धवट खरवडलेले लेबल राहिलेले असते. रसायनाचे नाव, बॅच नंबर, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचा पत्ता. कायदेशीर धंद्यात या लेबलाला साखळी असते. विकणाऱ्याचे बीजक, वाहतुकीचे ई-वे बिल, घेणाऱ्याच्या स्टॉक रजिस्टरमधली आवक, आणि त्यातून किती पक्का माल निघाला, किती सांडपाण्यात गेला याचा ताळेबंद. माझे एक स्नेही असाच लहानसा कारखाना चालवतात. त्यांनी एकदा आपले रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवले आणि म्हणाले, “हे बघा, शंभर किलो आत गेले तर साठ-पासष्ट किलो बाहेर यायलाच हवे. कोणी चाळीस दाखवले तर एक तर त्याला काम येत नाही, नाहीतर त्याने उरलेले दुसरीकडे विकले.” हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितले. मी विचारले, इतक्या वर्षांत हा हिशेब तपासायला कोण आले? ते नुसते हसले.

एनडीपीएसच्या कलम ९-अ खाली आणि २०१३ च्या नियंत्रित पदार्थांच्या आदेशाखाली इफेड्रिन, अॅसेटिक अॅनहायड्राइड अशा मोजक्या रसायनांसाठी अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे, नोंदणी करावी लागते आणि तिमाही विवरणे भरावी लागतात. पण यादी केली की रसायनशास्त्रज्ञ यादीबाहेरची वाट शोधतो, आणि नालासोपारा-अंकलेश्वर प्रकरणातला मुख्य आरोपी तर सेंद्रिय रसायनशास्त्राचा पदव्युत्तर होता. अशा माणसाच्या मागे यादी घेऊन धावणे म्हणजे सावलीला पकडणे. म्हणून यादीपेक्षा जागेवर लक्ष हवे. रसायन बदलता येते, पण तासनतास तापमान धरणारा रिअॅक्टर, उग्र वायू बाहेर काढणारी व्यवस्था, थ्री फेज वीज, पाणी आणि वास लपवणारा शेजार या गोष्टी बदलता येत नाहीत. गुन्हेगार औद्योगिक वसाहतीत येतो तो शेजाराच्या वासामुळे. तिथे आणखी एक वास कोणाला वेगळा वाटणार?

त्यात आपल्याकडे बंद पडलेल्या कारखान्यांची रांग आहे. मंदी आली, बँकेचे कर्ज थकले, प्रदूषण मंडळाने बंदी हुकूम काढला, वारसांत भांडण लागले, कारण काहीही असो. शेड तशीच उभी राहते, आत यंत्रे गंजत राहतात, आणि मालक मुंबईत किंवा सुरतेत बसून कोणी भाडेकरू मिळतो का पाहतो. औद्योगिक विकास महामंडळाकडे पोटभाड्याची परवानगी मागायची सोय आहे, पण त्यासाठी शुल्क आहे, हेलपाटे आहेत. अकरा महिन्यांचा तोंडी करार आणि रोख भाडे यांत कोणालाच हेलपाटे नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) आणि एनसीबीने भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीतल्या एका भाड्याच्या शेडीतून ९०७ किलो माल पकडला. त्यातला एक आरोपी, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, २०१७ मध्ये अंबरनाथच्या एमडी प्रकरणात सापडून पाच वर्षे तुरुंगात राहून आलेला होता. म्हणजे शिक्षेची जरब होती, तुरुंगही झाला होता. बाहेर आल्यावर त्याने राज्य बदलले आणि दुसरी शेड भाड्याने घेतली, एवढेच. त्या शेडीच्या मालकाला, तिला वीज देणाऱ्याला, रिअॅक्टर विकणाऱ्याला कोणी एक साधा प्रश्न आधी विचारला असता, तर कदाचित नऊशे किलोंपर्यंत गोष्ट गेली नसती.

या माहितीचे तुकडे सरकारजवळ आजही आहेत. बंद युनिटांची यादी महामंडळाकडे आहे, संमतीपत्र कोणाचे संपले हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे, बंद दाखवलेल्या शेडीचे मीटर रात्री का फिरते हे महावितरणला कळते, कारखान्याची आणि कामगारांची नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते, कच्च्या मालाची ये-जा जीएसटीच्या संगणकावर दिसते. हे पाच कागद एका टेबलावर आणण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. २०२३ मध्ये राज्याने अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स उभारायचे ठरवले आणि २०२५ मध्ये त्यासाठी ३४६ पदे मंजूर केली. चांगले झाले. पण त्या ३४६ जणांत रासायनिक ताळेबंद वाचता येणारे दहाजण तरी असावेत, हे मागणे मला मकोकाहून महत्त्वाचे वाटते. एक निवृत्त फॅक्टरी इन्स्पेक्टर आणि विक्रीकर खात्यातला एक चिकट कारकून यांच्यापुढे दहा खबऱ्यांची माहिती फिकी पडावी, अशी ही कामे आहेत.

यावर लघुउद्योजकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक पाकीट, असे ते म्हणतील. ज्या माणसाने तीन पिढ्यांच्या कमाईवर दोन रिअॅक्टर उभे केले, त्याच्या दारात आठवड्याला एक अधिकारी ‘ड्रग्जचा संशय’ म्हणून उभा राहिला तर त्याने धंदा करायचा कसा? संशयाने गिऱ्हाईक तुटते, बँक हात आखडते. म्हणून चालू, हिशेब देणाऱ्या कारखान्याच्या दारात जाण्याची गरजच नसावी. पहिली नजर बंद शेडींवर, पोटभाड्यांवर आणि जुन्या यंत्रसामग्रीच्या खरेदी-विक्रीवर असावी. जुनी मोटारसायकल विकायची तर आरटीओत नावे बदलावी लागतात, पण हजार लिटरचा रिअॅक्टर भंगाराच्या भावाने कोणी कोणाला विकला याची नोंद ठेवायला कोणी सांगत नाही. प्रामाणिक उद्योजकाला याचा जाच होण्याचे कारण मला दिसत नाही, उलट शेजारच्या शेडीत काय शिजते आहे ही त्याचीच पहिली काळजी असते. स्फोट झाला तर भिंत त्याची पडते.

दुसरा आक्षेप असा येईल की इरळीसारख्या ठिकाणी तर शेतातल्या शेडीत कारखाना निघाला, तिथे कुठले महामंडळ? खरे आहे. वसाहतीत नजर वाढली की हा धंदा द्राक्षबागेत, पोल्ट्रीत, बंद पडलेल्या दूध संकलन केंद्रात सरकणार. पण तिथे त्याचे कवच जाते. गावात अनोळखी भाषा बोलणारी चार माणसे महिनाभर राहिली, रात्री टेम्पो आला, ओढ्याच्या पाण्याला फेस आला, तर पोलीस पाटलाच्या आधी गुराख्याला कळते. ठाणे अंमलदाराने ती तक्रार ‘किरकोळ’ म्हणून परत पाठवू नये, एवढे मात्र हवे.

बंदरातून येणारा माल थांबला आहे असे मुळीच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्र्याला जवळपास तीन टन हेरॉइन शंखजिऱ्याच्या दगडांतून आले, सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावा-शेवाला हेरॉइन लावलेल्या ज्येष्ठमधाचा वीस टनांहून मोठा साठा सापडला, ऑक्टोबर २०२२ मध्ये वाशीला संत्र्यांच्या पेट्यांतून मेथॅम्फेटामाइन हे अमली द्रव्य निघाले. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातला गांजा सोलापूर-नागपूरच्या वाटांनी येतोच आहे, आणि शिरपूर तालुक्यात कपाशी-तुरीच्या आड तो पिकतोही आहे. पण बंदरावर कस्टम आहे, डीआरआय आहे, स्कॅनर आहेत. महामार्गावर नाकाबंदी आहे. शेडीच्या दारात कोणीच नाही.

आणि ज्याच्या खिशात अर्धा ग्रॅम सापडतो त्याचे काय करायचे? कायद्यात कलम ६४-अ आहे. उपचाराला स्वतःहून तयार होणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देण्याची ती तरतूद आहे, आणि वकिलांनाही तिची आठवण करून द्यावी लागते अशी तिची अवस्था आहे. १३,८३० मधल्या सेवनाच्या गुन्ह्यांवर जे हवालदार, जे पंच, कोर्टाच्या ज्या तारखा आणि सी.ए. रिपोर्टच्या रांगेतल्या ज्या बाटल्या खर्ची पडतात, त्यांतल्या निम्म्या जरी मोकळ्या झाल्या तरी मोठ्या साठ्याचा अहवाल काही महिने लवकर येईल.

कुरकुंभच्या प्रकरणात किती किलो सापडले हे आज कोणालाही विचारा, तो सांगेल. त्या कारखान्यात कच्चा माल किती पिंपे आला, कोणत्या बीजकांवर आला आणि ती बीजके ज्यांनी फाडली त्यांच्या वह्या कोणी चाळल्या, हे सांगणारा मला अजून भेटायचा आहे.